उतरण्याचं दुखणं

कागदासारखं पातळ हॅम कापून देणाऱ्या माणसाने "किती देऊ?" असं दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा जनीन वुकोविचच्या कानाला फोन होता आणि फोनवर टेरेन्स म्हणत होता, "रेजिस टोमास्कोच्या लिव्हरचे आकडे आलेत. बसली आहेस का कुठे?" बसायला तिथे काही नव्हतं. दुपारचा सव्वा वाजला होता, मागे सात-आठ माणसांची रांग होती आणि काचेपलीकडे सॉसेजच्या माळा लटकत होत्या. "आकडा सांग," ती म्हणाली. टेरेन्सने सांगितला. दोनशे एकतीस. चाळीसच्या आत हवा होता तो. पाचपटीच्या वर गेला म्हणजे ग्रेड तीन, आणि ग्रेड तीन नव्या औषधामुळे आला असेल तर औषध बंद, कायमचं. तसा औषधाच्या चाचणीचा नियमच होता, पान सत्तेचाळीसवर, जनीनला तोंडपाठ. "आज सकाळी नव्या गोळ्या घेऊन गेला ना तो?" टेरेन्सने विचारलं. त्याचं काम चाचणीचे कागद सांभाळण्याचं, त्यामुळे उत्तर त्याला ठाऊक असणार होतं; तरी त्याने विचारलं, हा त्याचा चांगुलपणा. "घेऊन गेला," जनीन म्हणाली. "मीच दिल्या. सही माझी आहे." हॅमवाल्याने हात हवेत उडवले आणि मागच्या बाईला विचारलं, "तुम्हाला किती?"

ती बाहेर आली. मार्चचा पहिला आठवडा, सोमवार, रस्त्याच्या कडेला काळं पडलेलं बर्फ, आणि नदीवरून येणारा तो ओला, लोखंडी वासाचा वारा. पंधरा मिनिटं चालत गेलं की हॉस्पिटल. लिव्हरचे आकडे रोज साडेनऊपर्यंत हातात पडतात. आज प्रयोगशाळेतलं यंत्र रुसलं होतं. बाकीचं रक्त ठीक होतं, गेले पाच महिने लिव्हर ठीक होतं, आणि रेजिसची बायको बर्नडीन पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होती, कारण गाडी मीटरवर लावलेली. 'संध्याकाळपर्यंत येतील आकडे, काही असलं तर फोन करीन,' असं म्हणून जनीनने सही केली होती. रेजिस गोळी घेतो संध्याकाळी सहाला, जेवणासोबत. म्हणजे वेळ होता अजून. पण वेळ असणं आणि चूक नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जनीनला स्वतःला सूट द्यायची सवय नव्हती. आकडे येण्याआधी गोळ्या हातात द्यायच्या नसतात. एवढं तर शिकाऊ पोरींनाही कळतं.

हॅम घ्यायचं राहूनच गेलं होतं. भूक, ग्रेड एक, तिने आपोआप नोंदवलं. ही एक खोडच जडली होती तिला. एकोणीस वर्षं कॅन्सरच्या औषधांच्या चाचण्यांत काढली की माणूस जगाला ग्रेड लावायला लागतो. एक म्हणजे आहे पण चालतंय, दोन म्हणजे रोजच्या कामात आड येतंय, तीन म्हणजे काहीतरी करायला हवं, चार म्हणजे धावा, आणि पाच म्हणजे संपलं. घटस्फोटाच्या आधीची दोन वर्षं नवऱ्याचा अबोला ग्रेड दोन होता आणि ती त्याला एक धरून चालली होती, असं ती मैत्रिणींना हसत सांगायची. हसू खरं होतं, पण हिशेब चुकला होता तोही खरा होता. कमी ग्रेड लावण्याकडेच तिचा कल, हे तिला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी एक बस ड्रायव्हर होता, गुणी माणूस, त्याचा खोकला तिने एक लिहिला. "थंडीचा आहे हो," तो म्हणाला आणि तिने मान्य केलं. फुफ्फुसं सुजली होती. वाचला तो, पण सहा आठवडे ऑक्सिजनवर होता, आणि तिला पत्र पाठवलं की तुमचा काही दोष नाही. ते पत्र तिने पुन्हा उघडलंच नाही. दोष दिला असता तर कदाचित उघडलं असतं.

पेशंट विचारायचे, "तुम्ही डॉक्टर ना?" आणि ती दर वेळी सांगायची, "नाही, नर्स प्रॅक्टिशनर." म्हणजे नर्सच्या पुढे आणि डॉक्टरच्या अलीकडे, तपासते, औषध लिहिते, निर्णय घेते, पण दारावरची पाटी दुसऱ्याची. तिची आई तर अजून चर्चमध्ये मैत्रिणींना सांगते की आमची जनीन डॉक्टर व्हायच्या बेतात आहे. शेहेचाळीस वर्षांची झाली, बेत चालूच आहे. चाचणीच्या कागदांवर पहिलं नाव डॉ. फेल्डस्टाइन यांचं, दुसरं तिचं. डॉक्टर चांगले होते, हुशार होते, पेशंटपाशी महिन्याला सहा-सात मिनिटं बसत. जनीन चाळीस मिनिटं बसे. या औषधाला अजून धड नावही नव्हतं, तीन अक्षरं आणि चार आकडे. ते रेजिस टोमास्कोच्या शरीरात काय करतं, हे जगाला कळणार होतं ते जनीनच्या बोटांतून, ती जे विचारेल आणि जे लिहील त्यातून. तिने न विचारलेलं घडलंच नाही असं धरलं जाणार. चांगल्या दिवशी याचा तिला अभिमान वाटायचा. आज मानेवर ओझं ठेवल्यासारखं वाटत होतं.

आणि रेजिस नुसता एक पेशंट नव्हता. किडनीतून फुफ्फुसात गेलेला कॅन्सर, दोन औषधं थकली, मग ही गोळी; आणि पाच महिन्यांत फुफ्फुसातल्या गाठी एक तृतीयांशाने बसल्या. पहिला फोटो आणि परवाचा फोटो शेजारी ठेवून तिने दाखवले तेव्हा तो म्हणाला होता, "पोरी, हा दुसरा कुणाचा तरी नाही ना आणलास?" गोळी बंद झाली तर पुढे काही नाही. कपाट रिकामं. ग्रेड तीन, कारण औषध, असं एका चौकोनात बरोबरची खूण करायची, आणि एकाहत्तर वर्षांचा एक माणूस येत्या हिवाळ्यापर्यंत असेल की नसेल ते ठरायचं. चोवीस तासांत ती खूण करून कंपनीला पाठवायची होती.

नदीवरच्या पुलावर वारा तोंडावर येत होता. तिने सकाळची भेट पुन्हा डोळ्यांसमोर आणली, पहिल्या मिनिटापासून. ती खोली, कागद अंथरलेली तपासणीची खाट, बर्नडीनची मोठी हिरवी पर्स. भूक? "आहे की, चांगली जेवतो," बर्नडीन म्हणाली. जुलाब? "नाही नाही." थकवा? "थोडासा. वयच आहे त्याचं." दुखणं? "कुठे काही नाही." रेजिस आपला टोपी गुडघ्यावर फिरवत बसलेला. पाच महिने हे असंच चाललं होतं, हे जनीनच्या आत्ता ध्यानात आलं. प्रश्न रेजिसला, उत्तर बर्नडीनचं, आणि नोंद रेजिसच्या नावावर. गप्प नवरे आणि बोलक्या बायका या शहरात पैशाला पासरी. तिचे आईवडीलही तसलेच. म्हणून तिला ते खटकलं नाही. घरच्यासारखं वाटलं, आणि घरच्यासारखं वाटणं हा तिच्या धंद्यातला सगळ्यात मोठा खड्डा.

उत्तरं बाजूला ठेवली तर रेजिसचं काय उरत होतं? तो आत आला. चालत आला, सरळ, सपाट कॉरिडॉरमधून जरा जोरातच. मग खुर्चीत बसला. बसला म्हणजे कसा? दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकले, गुडघे वाकवले, अर्ध्यात थबकला आणि शेवटची वीतभर धपकन सोडून दिलं स्वतःला. बटाट्याचं पोतं ठेवावं तसा. थकवा, ग्रेड एक, तिने लिहिलं होतं. जनीन पुलाच्या मधोमध थांबली. ते धपकन बसणं तिच्या ओळखीचं होतं. डोळ्यांना नव्हे, मांड्यांना.

आठ वर्षांपूर्वी, घटस्फोटाच्या कागदावर सही झाली त्या वसंतात, ती मॅरेथॉन धावली होती. तयारी नाही, अक्कल नाही, नुसता राग. पिट्सबर्ग म्हणजे टेकड्याच टेकड्या. चढताना जीव गेला, पण खरी अद्दल घडली ती उतारांवर, आणि तीही दोन दिवसांनी. चढता येत होतं, सपाटीवर चालता येत होतं, पण उतरता येईना. घराच्या जिन्यावरून ती पाठमोरी उतरली, कठडा धरून, शिव्या देत. संडासात बसताना शेवटची वीतभर अशीच सोडून द्यायची स्वतःला, आणि मग भांड्यावर बसून एकटीच खो खो हसायची. कित्येक महिन्यांत ती तेवढं मोकळं हसली नव्हती. मांडीच्या पुढचे ते स्नायू शरीराला उतरताना आवरून धरतात, आणि सवय मोडलेली असली की फाटून निघतात, धाग्याधाग्याने. आणि फाटले की त्यांतलं जे काही रक्तात उतरतं, त्यात तो आकडाही असतो, ज्याला सगळे लिव्हरचा आकडा म्हणतात. तो एकट्या लिव्हरचा नाहीच मुळी.

"टेरेन्स," वाऱ्यात ओरडत ती फोनवर म्हणाली, "लिव्हरचा दुसरा आकडा किती आहे? जो फक्त लिव्हरचा असतो तो."

"शहाऐंशी. वाढलाय, पण मागे रेंगाळतोय. कावीळ बिलकूल नाही."

"सकाळचं रक्त शिल्लक असेल. त्याच नळीतून स्नायूंचा आकडा काढायला सांग, आत्ताच्या आत्ता. आणि किडनीचा पुन्हा बघ."

"का? काय झालंय त्याला?"

"पायऱ्या उतरलाय तो."

"लिव्हर घेऊन?" टेरेन्स म्हणाला. "बाई, तू जेवली नाहीस अजून, नाही का?"

तिने रेजिसच्या घरी फोन लावला. बर्नडीनने उचलला. कसा आहे रेजिस? छान आहे. काही जड उचललं का, कुठे फार चालला का? "तो? छे गं! टीव्हीसमोरून उठत नाही." लघवीचा रंग? इथे मात्र बर्नडीनने उलट विचारलं, "म्हणजे काय झालंय?" जनीनने खोटं सांगितलं नाही. लिव्हरचा एक आकडा वाढला आहे, आजची गोळी घेऊ नका, तासाभरात दोघं इकडे या, असं सांगितलं. बर्नडीन हळूच म्हणाली, "चाचणीतून काढणार नाही ना गं त्याला?" जनीन म्हणाली, "या तर आधी." स्वतःच्या आवाजातला तो गुळगुळीतपणा तिला आवडला नाही.

अडीचला ती दोघं आली. जनीनने दारातच सांगितलं, "बर्नडीन, तुम्ही इथे बसा. आज मी यांना एकट्यांना तपासणार." बर्नडीनने तोंड उघडलं आणि मिटलं, हिरवी पर्स दोन्ही हातांनी धरून बाहेरच्या खुर्चीत बसली. आत रेजिस तसाच बसला. हात टेकले, वाकला, थबकला, धपकन. जनीनने दार लावलं आणि त्याच्या मांडीवर गुडघ्याच्या चार बोटं वर अंगठा दाबला. रेजिसने छताकडे बघून एक शब्द उच्चारला, जो चर्चला जाणाऱ्या माणसाने उपासाच्या दिवसांत उच्चारू नये.

"कुठे उतरला होतात?" तिने विचारलं.

"कोण? मी?"

"रेजिस, माझ्याकडे दहा मिनिटं आहेत आणि तुमच्याकडे एकच औषध आहे. बोला."

टोपी गुडघ्यावर फिरली, थांबली. "काढशील मला."

"खरं सांगितलंत तर कदाचित नाही काढणार. नाही सांगितलंत तर नक्की."

मग तो बोलला, आणि पाच महिन्यांत जेवढे शब्द जनीनने त्याच्या तोंडून ऐकले नव्हते तेवढे एका दमात आले. ईस्टरच्या आधीचे उपास सुरू झाले, पहिला शुक्रवार, त्या दिवशी मटण वर्ज्य, म्हणून चर्चच्या तळघरात मासे तळणं सुरू. बर्नडीन तिथे कोबी परतते, तीस वर्षं परतते आहे. आणि तो, आजारी पडेपर्यंत, डबे पोचवायचा. चर्च खाली, वस्ती वर टेकडीवर, मधे गावाच्या सार्वजनिक पायऱ्या, एकशे चौऱ्याऐंशी. वरच्या गल्लीत पाच म्हाताऱ्या आहेत ज्यांना खाली येणं होत नाही. दोन वर्षं कुणीतरी गाडीने नेऊन द्यायचं, लांबच्या वळणाने, मासा थंडगार व्हायचा. "या शुक्रवारी मला तिकिटांच्या टेबलावर बसवलं होतं, पोरी. पाळण्यात घातल्यासारखं. आणि मला एकदम वाटलं, एक डबा नेऊन बघू. वरपर्यंत गेलो. धाप लागली नाही! मग खाली आलो, दुसरा नेला. पाच घरं, पाच खेपा. एका वेळी एकच, कारण गरम राहायला हवं ना. बर्नडीन आत चुलीपाशी, तिला पत्ता नाही. पायऱ्या चढणार नाही अशी माझ्याकडून तिने शपथ घेतलीय, पडलो होतो ना मागे." तो थांबला. "चौथ्या खेपेला वरून नदी दिसली. आणि मी काय विसरलो होतो माहितीय? मी आजारी आहे हेच विसरलो होतो. चांगला अर्धा तास."

जनीनला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि दोन्ही लपवायला तिने कॉम्प्युटरकडे तोंड केलं. पडद्यावर नेमका स्नायूंचा आकडा येऊन बसला होता. दोनशेच्या आत असावा असा. अकरा हजार चारशे होता. एवढ्या मोठ्या आकड्याला इतक्या आनंदाने तिने कधी पाहिलं नव्हतं. किडनी ठीक होती. "लघवी कशी होते? कोकाकोलासारखी?" "शनिवारी जरा चहासारखी होती. आता साधी." तिने त्याला शिरेतून सलाइन लावलं, शिवाय भरपूर पाणी प्यायला बजावलं, आणि शिकागोला परिषदेत अडकलेल्या डॉ. फेल्डस्टाइनना फोन लावला. आधी आपली चूक सांगितली, आकडे यायच्या आत गोळ्या दिल्याची. ते "हं" म्हणाले. मग बाकीचं सांगितलं.

"जनीन, गोष्ट सुरेख आहे," डॉक्टर म्हणाले. "पण हेच औषध स्नायू खात नसेल कशावरून?"

"खाल्ले असते तर खांदे, दंड, सगळीकडचे खाल्ले असते. याच्या फक्त मांड्या दुखतात, त्याही उतरताना. गोळी आज थांबवते. गुरुवारी रक्त घेते. उतरला आकडा तर शुक्रवारी गोळी सुरू, आणि सोमवारी पुन्हा बघू. तोवर कारणाच्या चौकोनात मी औषध लिहिणार नाही."

पलीकडे कुणाचं तरी भाषण चाललं होतं. "कळवून टाक," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या नावाने जाऊ दे. मी खाली सही करतो."

तीन दिवस ती झोपली, जेवली, आणि तरीही आतमध्ये काहीतरी पायऱ्या मोजत राहिलं. बरोबर असल्याची खात्री आणि बरोबर निघणं यांच्यामध्ये एक लांबलचक बोळ असतो, आणि तो चालत जायला लागतो. टेरेन्सने मंगळवारी कंपनीचा प्रश्न वाचून दाखवला. 'मासा पोचवणे' म्हणजे नेमकी कोणती शारीरिक क्रिया, कृपया स्पष्ट करा. ती हसली, पण पुरतं हसू आलं नाही. रेजिसला तिने ताकीद दिली होती की घरी तुम्ही स्वतः सांगायचं, गुरुवारपर्यंत. पुढच्या सोमवारी, गोळी पुन्हा सुरू असतानाही, सगळे आकडे जागच्या जागी राहिले आणि डॉक्टरांनी कागदावर 'औषधाशी संबंध नाही' असं लिहून प्रकरण मिटवलं. पण सुटका झाली ती त्या दिवशी, असं तिला वाटत नाही. ती झाली गुरुवारी, सकाळी दहा वाजता, त्या खोलीत.

दोनशे एकतीसचा आकडा त्रेसष्टवर आला होता. अकरा हजाराचे दोन हजार. जनीनने दोघांना शेजारी बसवून ते वाचून दाखवलं, आणि म्हणाली, "लिव्हर ठणठणीत आहे. उद्यापासून गोळी सुरू." बर्नडीनने मान हलवली. तिचा चेहरा मात्र सैल झाला नाही. "मग पाय?" ती म्हणाली.

"कसले पाय?" जनीनने विचारलं, आणि रेजिसकडे पाहिलं. रेजिस टोपीकडे बघत होता. म्हणजे सांगितलं नव्हतंच या माणसाने.

"त्याचे पाय गेलेत," बर्नडीन म्हणाली. आवाज अगदी खाली. "शनिवारी सकाळी मी न्हाणीतून पाहिलं. जिन्यावरून पाठमोरा उतरत होता, कठडा धरून, लहान मूल उतरतं तसा. मला कळलं. मणक्यात गेलंय. माझ्या बहिणीच्या नवऱ्याला असंच झालं होतं, आधी पाय. मी त्याला दाखवलं नाही. तुलाही सांगितलं नाही, सोमवारी तू विचारत होतीस तेव्हा 'कुठे काही नाही' म्हणाले. तू काढून टाकशील म्हणून. आता सांगते. मला आता नाही पेलवत."

पाच महिने जनीन तिला नुसती बडबडी समजत होती. दर उत्तर ती त्याच्या पुढे ढालीसारखं धरत होती, आणि जनीन ते लिहून घेत होती. "रेजिस," ती म्हणाली, "आता बोलला नाहीत तर मी बोलते."

रेजिस बोलला. खाली मान घालून, थोडक्यात. डबे, पायऱ्या, पाच खेपा, मांड्या. बर्नडीन ऐकत राहिली आणि मधेच तिने हातमोजा काढला आणि त्या मोज्यानेच त्याच्या खांद्यावर मारलं. पुन्हा मारलं. "तिकिटांच्या टेबलावर बसवलं होतं मी तुला! एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या! बर्फ होतं! गाढवा! म्हाताऱ्या गाढवा! मी पाच दिवस तुझ्यासाठी..." पुढचं तिला बोलता येईना. ती उठली आणि कागद अंथरलेल्या खाटेवर, जिथे पेशंट बसतात तिथे, जाऊन बसली, आणि रडली, आवाज करून, तोंड न झाकता. रेजिस उठायला धडपडला. दोन हात टेकले, अर्ध्यात अडकला. "राहू दे, बस," ती रडतच ओरडली, "उठू नकोस, दुखेल!" आणि तो बसला, धपकन. जनीनचा पुढचा पेशंट बाहेर केव्हाचा ताटकळत होता. तिने दार लोटून घेतलं आणि स्वतःही बसून राहिली.

बऱ्याच वेळाने बर्नडीनने नाक पुसलं. पर्स मांडीवर घेतली, बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली.

"गरम पोचलं का तरी?" तिने विचारलं.

"पाचही," रेजिस म्हणाला. "वाफा निघत होत्या."